कडक केकांसाठी रांग

चीन देशातल्या एका नदीकाठच्या गावात फान नावाचा एक हलवाई नव्याने राहायला आला. बंदराच्या शहरात त्याने वीस वर्षे मोठमोठ्या भट्ट्या सांभाळल्या होत्या. हाताला चव होती, आणि ती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. शहरातले राहते घर विकून त्याने इथे भर बाजारात दुकान घेतले. सगळेच एका दुकानात घालायचे का, असे बायको रुईलिनने विचारले. फान म्हणाला, पुनव येऊ दे, मग बघ.

पुनव म्हणजे तिकडच्या आठव्या महिन्यातली. आपल्या कोजागरीच्या आगेमागे येते. त्या दिवशी सगळे घर चांदण्यात एकत्र बसते आणि चंद्रासारखे गोल केक खाते. केकांत कमळाच्या बियांचे गोड सारण असते. आपल्याकडे दिवाळीचा फराळ शेजारीपाजारी जातो, तशा तिकडे केकांच्या पेट्या व्याह्यांकडे, गुरुजींकडे, थोरामोठ्यांकडे जातात. हलवायाची वर्षाची कमाई या पंधरवड्यातच होते.

फानच्या समोरच म्याओबाबांचे जुने दुकान होते. म्याओबाबा सत्तरी ओलांडलेले, हात थरथरणारे. त्यांचे केक कडक, आणि गोडही अंमळ जास्तच. फानने एक खाऊन पाहिला आणि तो निर्धास्त झाला. त्याने निम्म्या भावात मऊसूत केक काढले आणि प्रत्येक पेटीच्या झाकणावर ठसठशीत अक्षरांत रंगवून घेतले, ‘गावात सर्वांत स्वस्त’.

लोक आले. त्यांनी एकेक सुटा केक घेऊन तिथेच उभ्याने खाल्ला, बोटे चाटली, फानच्या हाताची तारीफ केली. मग समोर जाऊन म्याओबाबांच्या लाल पेट्यांसाठी ते रांगेत उभे राहिले.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी फानला राहवले नाही. रेशीम विणणाऱ्या वेईबाई दोन केक खाऊन निघाल्या होत्या. त्यांना थांबवून त्याने विचारले, की चव इथली आणि खरेदी तिथली, असे का?

“चव तुमचीच चांगली,” वेईबाई म्हणाल्या. “पण पेटी मी लेकीच्या सासूला नेणार. झाकण वाचून विहीणबाईंना काय वाटेल? हिला माझ्यासाठी सर्वांत स्वस्त तेच सापडलं, असंच ना? आणि फानदादा, तुम्ही पेटी एका हातानं पुढे सरकवता. आमच्याकडे दोन्ही हातांनी देतात.”

फानने त्याच दिवशी झाकणे खरवडली, त्यांना सोनेरी रंग दिला, भाव म्याओबाबांच्याही वर नेला. पेटी दोन्ही हातांत धरून तो दारात उभा राहिला. तरी रांग समोरच. इकडे सारणाला वास येऊ लागला होता. ही पुनव हुकली तर दुकान जाणार, आणि परत जायला शहरात घरही उरले नव्हते. म्हाताऱ्यानेच आपल्याविषयी काहीबाही पसरवले असणार, असे त्याच्या मनाने घेतले. तो तरातरा रस्ता ओलांडून भांडायला गेला.

म्याओबाबांनी त्याला आधी चहा दिला, तोही दोन्ही हातांनी. हात इतके थरथरत होते की थोडा चहा फानच्या बाहीवर सांडला आणि त्याचा निम्मा राग तिथेच विरला. मग बाबांनी भिंतीवरचा लाकडी साचा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याला मधोमध तडा गेला होता.

साठ वर्षांमागे ऐन पुनवेच्या तोंडावर नदी गावात शिरली होती. बाबांच्या वडिलांनी सणासाठी साठवलेले सगळे पीठ आणि साखर माळ्यावर चढवली, तिथेच चूल मांडली आणि अकरा दिवस होडीतून घरोघरी केक पोचवले. सरपण संपले तेव्हा त्यांनी साचे जाळले. त्यांतला हा एवढा एक वाचला. ओल्या हवेत टिकावेत म्हणून केक कडक भाजावे लागत आणि साखर जास्त घालावी लागे. पूर ओसरला, पण गावाला पुनवेला तसेच केक लागू लागले.

“लोक माझा केक नेत नाहीत रे,” म्याओबाबा म्हणाले. “ते अकरा दिवस नेतात. पुण्याई वडिलांची, मी आपला तिच्यावर बसून खातोय. तुझे केक माझ्यापेक्षा सरस आहेत. मी गुपचूप मागवून खाल्लेत.”

मग साचा परत भिंतीवर टांगत बाबा म्हणाले, “पेटीत आठ केक असतात. उद्यापासून सात माझे, एक तुझा.”

“पण बाबा, मी तर परका.”

“वडिलांनी होडीतून केक देताना कुणाला गाव विचारलं नव्हतं.”

भांडायला आलेला फान कमरेत वाकून नमस्कार करून परतला. घरी येताच त्याने रुईलिनला सगळे सांगितले. त्या पुनवेला म्याओबाबांच्या लाल पेटीतून फानचा केक गावातल्या घराघरांत मानाने पोचला. दुकान वाचले. पुढच्या वर्षी काही लोक त्याच्याही पेट्या नेऊ लागले. तिसऱ्या वर्षी तर महिनाभर आधीच मागण्या आल्या.

त्याच वर्षी म्याओबाबांनी अंथरूण धरले. त्यांना मूल नव्हते. दुकानाला कुलूप लागले. पुनवेला वीस दिवस उरले होते. आता फानने काहीच केले नसते तरी समोरची रांग आपोआप त्याच्या दारात आली असती. त्यात कुणाला काही गैरही वाटले नसते. फान दोन दिवस त्या कुलपाकडे बघत बसला. रुईलिन त्याला ओळखून होती.

“माणसं दोघंच आपण, एकच भट्टी पेटेल,” ती म्हणाली. “कुठली, ते तुम्ही ठरवा.”

तिसऱ्या दिवशी फानने मागण्या नम्रपणे परत केल्या, आपले दुकान बंद केले आणि बाबांकडून किल्ली मागून आणून समोरचे कुलूप काढले. तडा गेलेला साचा धुऊन पुसून घेतला. पण मऊ केकांची सवय पडलेल्या हातांना कडक केक जमेनात. पहिले तीन घाणे चक्क चांगले झाले, म्हणून बाजूला काढावे लागले. चौथा घाणा मनासारखा बिघडला. वीस दिवस फान आणि रुईलिन म्याओबाबांच्या नावाच्या लाल पेट्या भरत राहिले, आणि आलेली सगळी मिळकत बाबांच्या उशाशी ठेवत गेले.

पुनवेच्या दिवशी लोकांनी बाबांना खुर्चीसकट उचलून दुकानात आणले. फानने त्यांच्या हातात केक दिला. त्यांनी कसाबसा एक तुकडा मोडून तोंडात घातला.

“कडक झालाय,” बाबा म्हणाले.

“तुमच्यासारखाच केलाय.”

“नाही रे. वडिलांच्या हातचा आहे.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत त्यांनी केक धरला होता.

वसंतात म्याओबाबा गेले. जाताना साचा फानच्या हवाली करून गेले. पुढच्या पुनवेला फानने आपले दुकान उघडले तेव्हा मनात धाकधूक होतीच. पाहतो तर रांग थेट पुलापर्यंत गेलेली. रांगेत पहिल्या वेईबाई, बोटाला धरून नात. फान पेटी भरू लागला. सात मऊ केक झाल्यावर त्याने दुसऱ्या परातीतून एक कडक केक उचलून त्यांच्या शेजारी ठेवला.

“आजी, हा एकच असा कडक का?” नातीने विचारले.

वेईबाईंनी दोन्ही हात पुढे करून पेटी घेतली, मान लववली आणि घरच्या वाटेने चालता चालता सांगायला सुरुवात केली, “त्याचं असं झालं, आपली नदी एकदा गावात शिरली होती...”

तात्पर्य: गिऱ्हाईक दुकानातून नुसता माल नेत नाही, त्याबरोबर माणसांचा मान आणि गावाची आठवणही नेते. परक्या गावात काही विकायचे तर आधी ती आठवण समजून घ्यावी, आणि ज्याने ती समजावली त्याला आपल्या भरभराटीत विसरू नये.