गिऱ्हाईक शहाणं असतं

शाळांच्या आवारात गोड शीतपेयं विकायला बंदी घालावी, असा प्रस्ताव महापालिकेच्या आरोग्य अधिकारी डॉ. शर्वरी खांडेपारकर यांनी मांडला. तपासणीत चिमुरड्यांचे किडलेले दात पाहून त्या हैराण झाल्या होत्या. विरोधात बोलायला मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या एका अभ्याससंस्थेचे संचालक हेमचंद्र दाभाडकर आले. त्यांच्या अहवालांपुढे असे प्रस्ताव याआधीही बारगळले होते.

"बंदी कशाला?" दाभाडकर म्हणाले. "बाटलीत काय आहे ते लेबलावर छापा. गिऱ्हाईक शहाणं असतं. माहिती मिळाली, की ते आपलं आपण ठरवतं."

नगरसेवक माना डोलवू लागले. शर्वरीबाई शांतपणे उठल्या.

"मला पटलं. आज तुमचं मत घ्यायचं की नाही, ते हे सभागृह ठरवणार. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आम्हीच. तर तुमच्या संस्थेला पैसा कोण पुरवतं?"

"देणगीदारांची नावं आम्ही गुप्त ठेवतो," दाभाडकर म्हणाले.

"मग साहेब, बिनलेबलाची बाटली शहाण्या गिऱ्हाइकानं घ्यायची तरी कशी?"

सभागृहात हशा पिकला. महापौरांनी हसू आवरून प्रस्ताव मताला टाकला, आणि तो मंजूर झाला.