चिखलाच्या हाताची किल्ली

मिठवली गावात नवा धर्मगुरू आला की त्याचं स्वागत चर्चच्या दारात होत नाही. आधी त्याला मिठागराच्या बांधावर यावं लागतं. तिथे आगरात काम करणारं सगळ्यांत वयस्क माणूस, मग ती बाई असो की बुवा, चिखलातून तसंच वर येतं आणि न धुतलेल्या हाताने चर्चची किल्ली त्याच्या हातात ठेवतं. देणारा मान वाकवतो, आणि धर्मगुरू किल्लीचा चिखल लागलेल्या आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर आशीर्वाद देतो. केसांतला चिखल मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपेपर्यंत पुसायचा नसतो. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मग गावातली म्हातारी माणसं त्यांना बांधावरच्या भेंडीच्या झाडाखाली बसवतात आणि पास्कू मुकादमाची हकिगत सांगतात.

फार मागची गोष्ट. किनाऱ्यावर लढाई चालू होती. कोणाची कोणाशी, ते आता कोणी नीट सांगत नाही. पास्कू परेरा तेव्हा मिठागराचा मुकादम होता. उंचापुरा, कमी बोलणारा, आणि एकदा बोलला की शब्द मागे न घेणारा. चर्चची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरात असे. रोज पहाटे तो दार उघडी आणि त्याची बायको रेमेत वेदीवर फुलं ठेवी. त्यांचा एकुलता एक मुलगा सांतान किल्ल्याच्या राखणीला गेला होता.

त्या किल्ल्यात प्रांताचे महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, लोकांबरोबर अडकले होते. तुम्हाला सोडून मी कुठेही जाणार नाही, असं त्यांनी वेदीसमोर सांगितलं होतं. पण वेढा आवळत गेला तसा त्यांचा धीर सुटला. त्यांनी बोटातली अंगठी आणि गळ्यातला क्रूस उतरवला, कोळ्याचे कपडे चढवले आणि पाण्याकडच्या दरवाज्याने निघाले. पहाऱ्यावरच्या माणसाने त्यांना ओळखलं. तेव्हा ते म्हणाले, “मी तो नव्हे.” आणि होडीत बसून गेले. ही बातमी पसरली तशी किल्ल्यातल्यांची उरलीसुरली उमेद गेली. किल्ला पडला, आणि सांतान दरवाज्यातच मारला गेला.

मिठवलीचे धर्मगुरू होते फादर इनास. ते गावातलेच, पास्कूच्या शेजारच्या घरातले. लढाईच्या आधी त्यांना याच महागुरुस्वामींनी गुरुदीक्षा दिली होती. त्या दिवशी पास्कू पहिल्या रांगेत उभा होता. महागुरुस्वामींनी इनासच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले तेव्हा पास्कूचे डोळे भरून आले होते.

आता सांतानला माती देऊन झाल्यावर पास्कू चर्चच्या पायरीवर उभा राहिला. सगळा गाव समोर होता.

“फादर,” तो म्हणाला, “तुमच्या डोक्यावर हात कोणाचा?”

“महागुरुस्वामींचा. तुम्ही होतात की तिथे, काका.”

“आणि त्यांच्या डोक्यावर?”

“त्यांच्या आधीच्या महागुरूंचा. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांचा. असं मागे मागे जात थेट प्रेषितांपर्यंत. आणि प्रेषितांना तर प्रभूनेच पाठवलं.”

“म्हणजे साखळी झाली,” पास्कू म्हणाला. “होडी साखळीने नांगराला बांधलेली असते. मधली एकच कडी सडली, तरी होडी वाहून जाते. तुमच्या डोक्यावर सडका हात होता. तुमच्याकडे काही पोचलेलं नाही.”

असं म्हणून त्याने चर्चचं दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

गावाला त्याला अडवता आलं नसतं असं नाही. पण नुकतंच तरणं पोर गमावलेल्या बापाच्या अंगावर कोण जाणार? आणि खरं सांगायचं तर, त्याचा प्रश्न सगळ्यांच्याच मनात घर करून बसला होता. फादर इनासच्याही. त्यांना घरी मिस्सा करता आली असती. त्यांनी ती केली नाही. आपले हात आशीर्वादाला उचलताना त्यांना महागुरूंचे हात आठवत, आणि स्वतःचे हात तसेच खाली येत. झगा घडी करून ठेवून ते लोकांबरोबर आगरात मीठ ओढायला जाऊ लागले. त्या वर्षी मिठवलीत नाताळची घंटा वाजली नाही. लग्नं थांबली. आजारी माणसं मरणाआधीच्या तेलाच्या अभिषेकावाचून गेली. रेमेत मात्र रोज पहाटे फुलं घेऊन यायची आणि बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवून जायची. नवऱ्याला ती एका शब्दाने बोलली नाही.

चैत्राच्या उधाणात एके दुपारी समुद्राचा बांध फुटला. मिठाच्या राशी तयार होत्या, वर्षाची कमाई उघड्यावर पडली होती. सगळा गाव टोपल्या घेऊन धावला. बांधाला पडलेल्या खांडीच्या तोंडाशी पास्कू कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मातीची डिकळं रचत होता आणि त्याला ती हातोहात देत होते फादर इनास. किती तरी महिन्यांत दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ आले नव्हते. तेवढ्यात वरचा बांध कलला आणि मोठा ढिगारा पास्कूवर कोसळला. इनासने हातांनी चिखल उपसून त्याला बाहेर ओढलं.

बांधावर निजवलं तेव्हा पास्कूच्या छातीत घरघर चालली होती. तोंडातून रक्त येत होतं. आपण आता जाणार, असं त्याला वाटलं. आणि मग, असं सांगतात, त्याला मरणाची भीती वाटली नाही. इतकं सगळं मनात घेऊन जायची भीती वाटली.

“फादर,” तो म्हणाला, “माझ्या पापांची कबुली ऐका.”

इनास जागचे हलले नाहीत. आपल्या हातांकडे बघत राहिले. कोपरापर्यंत चिखल होता.

“काका, तुम्ही म्हणालात ते मला रात्रंदिवस खातंय,” ते म्हणाले. “माझ्याकडे काही पोचलं की नाही, मलाच कळत नाही.”

रेमेत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली.

“प्रभूचा पहिला प्रेषित, तो कोळी पेत्र, काय म्हणाला होता, विसरलात का दोघं? प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी त्याला विचारलं, तूही त्याच्याबरोबर होतास ना. तर म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. एकदा नाही, तीनदा. आणि प्रभूने आपली मेंढरं राखायला दिली ती कोणाला? त्यालाच. तुमची साखळी तिथूनच सुरू होते. प्रभूला चांगलेच हात हवे असते तर पहिल्याच दिवशी थांबला असता.” मग ती इनासकडे वळली. “हात तुझा नाही, बाळा. महागुरूंचाही नव्हता. ठेव.”

इनास गुडघ्यांवर बसले. पास्कू पुटपुटत बोलत गेला, ते त्यांनी ऐकलं. मग त्यांनी चिखलाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि क्षमेचे शब्द उच्चारले.

पुढचं पास्कूने स्वतः सांगितलं, म्हणे. त्याला आधी इनासच्या तळहाताचा भार जाणवला. मग त्या हातावर दुसरा हात असल्याचं जाणवलं, आणि तो थरथरत होता. तो कोणाचा हे पास्कूने लगेच ओळखलं. तो झिडकारून टाकावा असं एक क्षण त्याच्या मनात आलं. पण त्याच्यावर आणखी एक हात होता, स्थिर. त्याच्यावर आणखी एक. म्हाताऱ्यांचे, तरण्यांचे, काही मऊ, काही घट्टे पडलेले, अशी हातांची रांगच्या रांग. त्या रांगेच्या अगदी शेवटी मासळीचा वास असलेला एक खरखरीत हात होता. आणि त्याच्यावर जो हात होता, त्याच्या तळव्यात खिळ्याची जखम होती. तिची ऊब सगळ्या हातांमधून उतरत आली, थरथरणाऱ्या हातातूनही, आणि जराही कमी न होता पास्कूच्या डोक्याशी पोचली.

सांतान गेल्यापासून तो रडला नव्हता. त्या बांधावर तो लहान मुलासारखा रडला.

आणि तो मेला नाही. बरगड्या मोडल्या होत्या, त्या हळूहळू सांधल्या. पहिल्यांदा उठून बसला तेव्हा रेमेतला म्हणाला, “मेलो असतो तर किल्ली तू दिली असतीस. आता मलाच द्यावी लागणार.”

“मग द्या की,” रेमेत म्हणाली.

तो काठी टेकत बांधावर गेला. इनास आगरात होते. पास्कूही आगरात उतरला, खांडीच्या जागी वाकून चिखलात हात बुडवले आणि त्याच हाताने किल्ली पुढे केली. “हात धुवायला थांबलो, तर पुन्हा माझं मन फिरेल,” तो म्हणाला. इनास हसले. त्यांनी किल्ली घेतली आणि पास्कूच्या डोक्यावर हात ठेवला. त्या सकाळी घंटा इतकी वाजली की पलीकडच्या गावातले लोक होड्या घेऊन आले. थांबलेली सगळी लग्नं त्याच आठवड्यात लागली, असंही सांगतात.

पळून गेलेल्या महागुरुस्वामींचं पुढे काय झालं, ते कळलं नाही. पण त्या पहिल्या मिस्सेत, मृतांसाठी प्रार्थना करायची वेळ आली तेव्हा पास्कूने आधी सांतानचं नाव घेतलं, आणि नंतर, ते जिवंत आहेत की नाहीत हे ठाऊक नसतानाही, त्यांचं.

आजही मिठवलीत मिस्सेच्या त्या टप्प्यावर त्यांच्यासाठी एक प्रार्थना जास्त होते. महागुरुस्वामींचं नाव आता कोणालाच आठवत नाही. गाव त्यांना ‘आमचे महागुरू’ म्हणतं.