उलट्या पदराची जत्रा

“यातला मेलेला माणूस कोणता, सांग बघू.”

तोकुबेईंनी असं विचारलं आणि इसाकू चक्रावला. समोर लाकडी ठोकळ्यावरून कागदावर नुकताच उतरवलेला ओला ठसा होता, गावच्या शिंतो देवळाच्या उत्सवाचा. देवाची पालखी, ती खांद्यावर घेतलेले गडी, ढोलवाले, पंखे हलवणाऱ्या बायका. झाडून सगळं गाव हसत होतं. यात मेलेलं कोण असणार?

“कुणीच नाही, गुरुजी.”

“नीट बघ...”

आता हा इसाकू म्हणजे हाताचा मोठा कसबी, पण तितकाच शिष्ट. सात वर्षं त्याने तोकुबेईंच्या हाताखाली दुसऱ्यांची चित्रं लाकडात कोरली होती. हे पहिलंच त्याचं स्वतःचं चित्र, खाली स्वतःचं नाव, आणि उद्याच्या उत्सवात ते देवळाच्या दारातल्या कागदी कंदिलावर लागायचं होतं. गावाने आपलं नाव वाचावं, एवढ्यासाठी महिनाभर तो धड जेवला नव्हता.

बाकीचे कारागीर पातळ कागदावर चित्र काढतात, तो लाकडावर पालथा चिकटवतात आणि मग कोरतात. लाकडावरचं उलटं कागदावर सुलट उतरतं, म्हणून ही सगळी खटपट. इसाकूला कसला कागद नि कसलं काय! त्याने कुंचला घेऊन थेट लाकडावरच चित्र काढलं होतं.

तोकुबेई उठले. अंगावरच्या किमोनोचा पट्टा सोडला, वरचा डावा पदर आत घेतला, उजवा वर आणला आणि डोळे मिटून चटईवर आडवे झाले.

उजवा पदर वर, असा किमोनो फक्त प्रेताला घालतात. इसाकूने झटकन ठसा उचलला. पालखीवाले, ढोलवाले, बायका... एकूण एक पदर उजवा वर. लाकडावर सुलट काढलेलं सगळं कागदावर उलटं उतरलं होतं. अख्ख्या गावाला त्याने तिरडीवर चढवलं होतं, आणि तेही देवाच्या दारात, जिथे सुतकातला माणूस पाऊल टाकत नाही.

सुलट होतं ते एकच. कोपऱ्यातलं नाव. अक्षरं उलटी कोरायची, हे तेवढं त्याच्या बरोबर लक्षात राहिलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा ठोकळा कोरायला वेळ नव्हता. कंदील कोराच लावू, असं तो कसंबसं म्हणाला.

तोकुबेई उठून बसले, आपले पदर नीट केले. मग त्यांनी ठसा पालथा केला आणि खिडकीतल्या उन्हासमोर धरला. कागद पातळ, रंग पार मागे उतरलेला. मागून सगळा उत्सव स्वच्छ दिसत होता, आणि प्रत्येकाचा डावा पदर वर!

इसाकूला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्याने हसला. मग त्याची नजर कोपऱ्याकडे गेली.

“नाव उलटं झालं...”

“झालं खरं.”

“तेवढं कापून सुलट चिकटवू?”

“कात्री तिथे आहे. दिवा लागला की गावाला आधी ठिगळ दिसेल.”

इसाकूने कात्री उचलून कोपऱ्याला लावली. मग त्याने कात्री बाजूला सारली, खळ घेतली आणि छापलेली बाजू आत करून कागद कंदिलाला लावला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कंदील टांगला आणि माणसं गोळा झाली. तोफू विकणारी ओकिनू चित्रात स्वतःला ओळखून अशी हरखली की काही विचारू नका. ढोलवाल्याने आपलं टक्कल शोधून काढलं. इसाकू मागे उभा राहून ऐकत होता. आपल्याकडे कुणी बघत नाही याचं वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला आपली मजाच वाटत होती.

तेवढ्यात ओकिनूने कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“कुणी काढलंय हो हे? नाव काही वाचता येत नाही.”

इसाकूने तोंड उघडलं... आणि मिटलं.

तोकुबेई म्हणाले, “आतून वाचता येतं, बाई.”