मैनूने विचारलं तेव्हा

बकुळीच्या बागेशेजारी, पत्र्याच्या इवल्याशा घरात मैनू राहायची. बाबा बागेत माळीकाम करायचे. आई गजरे ओवून विकायची आणि ओवता ओवता गाणी म्हणायची. पण घरात गुलाबी गुलाबी बाळ आलं नि आईचं गाणंच थांबलं! ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवेना, बोलेना, बाळाकडे बघेनासुद्धा. शेजारणी यायच्या, "बाळ कसं आहे?" विचारायच्या आणि आईसाठी केलेला डिंकाचा लाडू स्वतःच खाऊन जायच्या. आता काय म्हणावं!

एका सकाळी मैनू मोगरा खुडत होती. झुडपात अडकलेल्या गजऱ्याच्या दोऱ्यात काहीतरी चमचमलं. अगं बाई, परी! बोटाएवढी, मोरपंखी झग्याची, आणि तिचा चंदेरी पंख गुंत्यात अडकलेला. मैनूने दोरा ओढला नाही, तोडला नाही. एकेक गाठ हळूहळू सोडवली.

"किती गुणाची गं तू!" परी म्हणाली. "माग काय हवं ते."

"माझ्या आईला हसव ना, परीताई!"

"तेवढं नाही जमायचं, राणी. कुणाच्या मनावर जादू चालवायची नाही, हा आमचा नियम आहे."

मैनूचे डोळे भरले. "माझ्यावर रुसलीय का ती?"

"छे गं! तुझ्यामुळे नाही, बाळामुळे नाही. तिचंही काही चुकलेलं नाही. तिचं मन आजारी आहे."

"मग तिचं ऐकून घेणारं कुणीतरी येऊ दे."

"दिलं! पण आधी तू विचारायचंस. आणि उत्तर एकटीने सांभाळायचं नाही हं, मोठ्या माणसाला सांगायचं."

मैनू धावत घरी आली. "आई, तू कशी आहेस?"

आई हमसून हमसून रडू लागली. "मला काहीच बरं वाटत नाही गं."

मैनू खूप घाबरली. पण परीचं सांगणं आठवून बाबांना बोलवायला पळाली. दारातच दवाखान्यातल्या नर्स हमीदाताई भेटल्या! मैनूने त्यांना सगळं सांगितलं. ताई बाळाकडे नाही, आधी आईपाशी बसल्या. तासभर नुसतं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कौसल्या, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना असं होतं. यातून बरं होता येतं." त्यांनी आईला डॉक्टरांकडे नेलं, दर आठवड्याला येत राहिल्या. बाबा बाळाला झोपवायला शिकले. खरंच, अशी माणसं हवीत!

हळूहळू, कितीतरी दिवसांनी, आई पुन्हा गुणगुणली.

मोगऱ्यापाशी परी वाट बघत होती. "आता स्वतःसाठी माग, मैनू."

"मला काही नको. परीताई, तू कशी आहेस?"

"अगंबाई! इतकी वर्षं सगळ्यांना वर देत आलेय, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं!" परी खुदकन हसली. सोनेरी, गुलाबी, निळा उजेड झगमगला आणि ती त्यात दिसेनाशी झाली.

घरातून आईची हाक आली. तिच्या एका मांडीवर बाळ होतं आणि दुसरी मांडी मोकळी होती.

"ये गं माझी बाय," आई म्हणाली. "माझं विचारायचंच राहिलं. तू कशी आहेस?"

मैनू आईला बिलगली आणि पोटभर रडली.