वाटीचे दोन टोले

"...पण संकट टळलं, हे तिला सांगतं कोण?"

डॉ. वैजयंती शेलार बोलता बोलता अडली. वैद्यकीय महाविद्यालयात पाच वर्षं ती चेतासंस्थेचा हाच धडा शिकवत होती. एकाही विद्यार्थ्याने हे विचारलं नव्हतं. आणि विचारत कोण होतं, तर शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, टेकडीवरच्या मठीतल्या सोनामाई.

"सांगावं लागत नाही, माई. संकट दिसलं की सिम्पथेटिक चेतासंस्था जागी होते. छाती धडधडते, रक्त हातापायांकडे धावतं, भूक मरते. लढा, नाहीतर पळा. संकट गेलं की सगळं आपोआप निवतं."

"तुझं निवलंय?"

वैजयंतीला राग आला.

"निवलं असतं तर इतका चढ चढून आले असते का? चौतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी चालू आहे. बसल्या जागी नाडी एकशे दहा. अन्न पचत नाही, झोप नाही. हे असंच चाललं तर हृदयाचं काय होतं, ते मीच मुलांना फळ्यावर काढून दाखवते."

"बरं."

"आता म्हणाल, दीर्घ श्वास घे. घेऊन झालेत. म्हणाल, मन शांत ठेव. मोठ्या माणसांना तेवढंच येतं."

"मला तर तेही येत नाही," माई म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

मठीत कुणी कुणाला हाका मारत नसे. स्वयंपाक झाला की गोदाक्का चुलीपाशी वाटीवर चमचा वाजवत. त्या दुपारीही वाजवला. दोनच टोले.

वैजयंती उठली ती धावतच सुटली. अनवाणी. शेंगांची परडी लवंडली. अंगण ओलांडून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थडकली, तेव्हा गोदाक्का ताटं मांडत होत्या.

"इतकी भूक लागली होय गं पोरी?"

ती परत आली. खाली बसून सांडलेल्या शेंगा वेचू लागली. एक शेंग धड उचलली जाईना.

"असं कोण बोलवायचं तुला?" माईंनी विचारलं.

"आई. शेवटी तिचा आवाज गेला होता. काही हवं असलं की वाटी वाजवायची. आठ महिने. पाणी, कूस बदलायची, कधी काहीच नाही. मी गेले की नुसती बघत राहायची. मी वैतागायचे तिच्यावर."

माईंनी लवंडलेली परडी सरळ केली.

"त्या दुपारी माझा डोळा लागला. तासभरच. उठून गेले, तर ती... वाटी वाजली होती की नाही, मला माहीत नाही."

तिने मुठीतल्या शेंगा परडीत टाकल्या.

"दहा महिने झाले, माई. मला बरं व्हायचंय." मग खालच्या आवाजात, "पण ही धडधड थांबली आणि तिने बोलावलं, तर मला ऐकू कसं येईल?"

माई उठल्या. खांद्यावरची घोंगडी आत सावलीत अंथरली आणि तिथे हात थोपटला. स्वतः मात्र दाराच्या चौकटीला टेकून, कान बाहेर लावून, ताठ बसल्या.

"नीज तू. ऐकायला मी बसलेय."