उघडं लोखंड

“काल संध्याकाळी लखलखत होतं, मिस्त्री. मग एका रात्रीत हे लाल कसं झालं?”

कासम मिस्त्रींनी जीपकडे पाहिलं. मग निरंजनकडे.

“समुद्र कुठे आहे?”

“त्या माडांपलीकडे.”

“रात्री इकडे येऊन गेला.”

हर्णैत जुन्या गाड्या नव्या करणारे कासम मिस्त्री एकच. निरंजन पुण्याहून इंजिनिअर होऊन त्यांच्याकडे शिकायला आलेला. म्हणजे तसं तो सांगायचा. खरं तर मिस्त्रींनाच चार गोष्टी शिकवाव्यात असा त्याचा बेत होता. दोन दिवसांत त्याने जवळजवळ अख्ख्या जीपचा रंग खरवडून काढला. तेवढ्या वेळात मिस्त्रींनी एकच दार केलं. खरवडलं, थिनरने पुसलं, लगेच प्रायमर मारला. निरंजन तेव्हा हसला होता. आज गंज नव्हता तो फक्त त्या दारावर.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पण मिस्त्री तसं काही बोलले नाहीत. त्यांनी पॉलिश पेपर पुढे केला.

“किती घासू?”

“जेवढं झाकता येईल तेवढंच उघडं कर.”

पुढच्या मडगार्डावर जुनी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, अजून शिल्लक होती. निरंजनने तिथून सुरुवात केली. लांबी निघाली, तसा खाली मोठा पोचा दिसला, कुणीतरी ठोकून ठोकून सरळ केलेला.

तेवढ्यात खोतकाका आले. जीप त्यांची. अकरा वर्षं ताडपत्रीखाली होती. ते एका उलट्या डब्यावर टेकले.

“काका, इथे जोरात ठोकर बसलेली दिसते. कधी झालं?”

“जुनं आहे.”

“तुम्ही चालवत होतात?”

“...सुहास. माझा मुलगा.”

“मग? लागलं का त्यांना?”

खोतकाका मडगार्डाकडे बघत राहिले.

“तो त्यातच गेला. झोप येतेय म्हणाला होता. मीच म्हटलं, आलंच घर... चालव...”

निरंजनला काय करावं कळेना. तसा तो वाईट नव्हता, घाबरला. त्याने घड्याळ पाहिलं.

“प्रायमरमध्ये हार्डनर घातलाय, काका. घट्ट व्हायच्या आत आटपायला हवं,” असं म्हणून तो जीपच्या पलीकडे गेला.

मिस्त्रींनी हातातली रंगाची स्प्रे-गन खाली ठेवली. हातमोजे काढले. दुसरा डबा ओढून ते काकांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

“सांग, दत्ताराम. त्या दिवशी कुठून निघाला होतात?”

काका बोलू लागले. मध्येच थांबले. रडले. पुन्हा बोलले. चहा आला, निवून गेला. मिस्त्री उठले नाहीत. अकरा वर्षांचं होतं ते, लवकर कसं संपणार?

निरंजन दोनदा जवळ आला, दोनदा परत फिरला. डब्यातला प्रायमर दगड झाला. दुपारी खारा वारा सुटला आणि मडगार्डावर पहिला तांबूस डाग उमटला.

उन्हं कलल्यावर काका उठले. त्यांनी मडगार्डावरून तळवा फिरवला. घामाने गंज चढतो म्हणून उघड्या लोखंडाला कुणाचं बोट लागू न देणाऱ्या मिस्त्रींनी त्यांना अडवलं नाही.

“हिरवाच द्या रंग,” काका म्हणाले. “त्याला आवडायचा.”

“हिरवाच देऊ.”

काका गेले. चाल थोडी हलकी झाली होती, निदान निरंजनला तरी तसं वाटलं. त्याला स्वतःची लाज वाटली. तरीही त्याच्याने राहवलं नाही.

“मिस्त्री... मडगार्ड उघडंच राहिलं. उद्यापर्यंत गंजणार. तुम्हीच म्हणालात ना, झाकता येईल तेवढंच...”

मिस्त्री अजून काकांच्या वाटेकडे बघत होते.

“लोखंड उद्या परत घासता येईल, बाळा.”