दाभण हातात घेतलेला माणूस

ज्या शहरात मारधाडीचे चित्रपट तयार होतात, त्या शहरात एक वृद्ध संकलक राहत असत. चित्रित झालेल्या पसाऱ्यातून नेमके तुकडे निवडायचे आणि ते एकापुढे एक जोडायचे, हे त्यांनी आयुष्यभर केले. डोळे साथ देईनासे झाले तेव्हा त्यांनी काम थांबवले. सगळे त्यांना नाना म्हणत.

त्यांचा शिष्य अभिराम एके दुपारी त्यांच्याकडे आला तो पार थकून. दाढी वाढलेली, डोळे लाल. लॅपटॉप टेबलावर ठेवून तो खुर्चीत अक्षरशः कोसळला.

“नाना, एक प्रसंग बघता का? एका ठिकाणी जोड बसत नाहीये. तेवढं सांगा, मी जातो.”

प्रसंग पाठलागाचा होता. नायक एका दाट वस्तीतल्या बोळांतून जीव मुठीत धरून पळतो आहे, मागे गुंडांची टोळी आहे. धापा टाकत तो कापसाच्या ढिगाआड दडतो. समोर एक गादीवाला बसला आहे. पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. तो नजर वर करतो. ढोल घुमतो. त्याच्या हातातल्या गादी शिवायच्या दाभणाचे टोक पडदाभर दिसते, मग नायकाचा घामाने भिजलेला गळा, पुन्हा ते डोळे. हा टोळीचाच माणूस, आता घाव घालणार, याविषयी पाहणाऱ्याला तिळमात्र शंका उरत नाही.

“हा वस्तीतला खराच गादीवाला आहे,” अभिराम म्हणाला. “हसन नदाफ. कथेत त्याला काहीच काम नव्हतं. पण काही लोकांना बोलावून प्रसंग दाखवला, तर सगळे या जागी दचकले. आता निर्माते म्हणतात, नायकाने त्याला तुडवलंच पाहिजे. उद्या तसलाच सदरा घालून दुसरा माणूस उभा करणार आहेत. त्याला मारतानाचं चित्र इथे जोडायचंय, आणि त्यासाठी जागा कशी करू तेच सुचत नाहीये.”

“तुला पटतंय?”

“पटायचं काय, नाना? संपवायचंय.”

नाना अडकित्त्याने सुपारी कातरत होते. हात थांबवून म्हणाले, “मोबाइल काढ. माझं चित्रण कर.”

“आत्ता?”

“आत्ता. मी कातरत बसतो, मध्येच वर बघतो. तेवढं त्या गादीवाल्याच्या जागी लाव. अडकित्ताही जवळून घे. बाकी काही हलवू नकोस.”

म्हाताऱ्याचे काय बिनसले, हे अभिरामला कळेना. पण वाद घालण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. त्याने सांगितले तसे केले आणि प्रसंग सुरू केला.

नायक पळाला, दडला. नानांनी नजर वर केली. ढोल घुमला. अडकित्त्याचे पाते पडदाभर चमकले आणि मग नायकाचा गळा दिसला. त्याच वेळी नानांची सून चहा घेऊन आली होती. तिचे लक्ष पडद्यावर गेले आणि ती जागीच थबकली.

“अगंबाई! हे नाना? असे काय बघताहेत? मेलं, भीतीच वाटली मला.” ती हसली, पण कप ठेवताना तिने सासऱ्यांकडे एकदा निरखून पाहिले.

ती आत गेल्यावर नानांनी विचारले, “वर बघितलं तेव्हा माझ्या मनात काय होतं, सांग बरं.”

“नाही सांगता येत.”

“सूनबाईला साखर कमी घालायला सांगायचं राहिलं, हे आठवलं होतं. आता त्या हसन नदाफच्या मनात काय होतं, ते बघू. त्याचं न कापलेलं चित्रण लाव. आवाजासकट.”

तो आवाज अभिरामनेच ढोलासाठी काढून टाकला होता. त्याने तो पुन्हा लावला. गादीवाल्याने नजर वर केली आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला म्हटले, “साहेब, कापूस उडतोय. तोंडाला रुमाल बांधा, नाहीतर खोकला लागेल.” मग मान खाली घालून तो पुन्हा शिवू लागला.

अभिरामने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा एकदा लावला.

नाना सावकाश म्हणाले, “ताण निर्माण करणं हा आपला धंदा आहे, त्याची लाज नको. दोन चित्रं शेजारी ठेवली की मधली गोष्ट पाहणारा स्वतः रचतो. म्हणून ती त्याला खरी वाटते, आणि ती तो घरी घेऊन जातो. नायक काही त्याला उद्या भेटत नाही. पण हा टोपीवाला भेटतो. पाहणाऱ्याच्या दारावरून गाद्या भरायची हाक देत जातो. त्या वेळी दार लागलं, तर ते आपण लावलेलं असतं.”

“मग ताण आणू कुठून, नाना?”

“ते आता मला विचारू नकोस. मीही थकलोय. चित्रं तुझ्याजवळ आहेत.”

अभिराम परत गेला आणि प्रसंग पहिल्यापासून जोडायला बसला. त्याने ढोल काढला, दाभणाचे टोक काढले. गादीवाला नायकाला पाहतो. टोळीची पावले जवळ येतात. तो चेहरा अभिरामने नेहमीपेक्षा लांबवला, पाहणाऱ्याला सोसवणार नाही इतका. हा आता काय करील? मग गादीवाला मान खाली घालून टाका घालतो आणि टोळी समोरून धावत निघून जाते. हीसुद्धा रचलेलीच गोष्ट आहे, हे अभिरामला ठाऊक होते. पण हसन नदाफने ती शेजाऱ्यांसोबत बसून पाहिली, तर त्याला मान खाली घालावी लागणार नव्हती.

निर्मात्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहिले. “मारामारी गेली की रे,” ते कुरकुरले. त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदाही त्यांचा श्वास त्याच जागी अडला. “राहू दे असंच,” एवढेच म्हणून ते उठले, आणि त्या दिवसाचे चित्रीकरण रद्द झाले.

चित्रपट लागला तेव्हा अभिराम एका साध्या चित्रपटगृहात मागच्या रांगेत जाऊन बसला. तो प्रसंग आला. टोळीची पावले जवळ येऊ लागली, आणि पुढच्या रांगेतली एक प्रौढ बाई पदर मुठीत धरून पडद्यावरच्या त्या माणसाला हलक्या आवाजात विनवू लागली, “सांगू नको रे बाबा, सांगू नको...” टोळी निघून गेली. तिने सोडलेला सुटकेचा निःश्वास अभिरामला मागे ऐकू आला. उरलेला चित्रपट त्याने पाहिला नाही. डोळे मिटून तो तसाच बसून राहिला.

अनोळखी चेहरा पाहून छातीत धस्स झाले, तर क्षणभर थांबावे आणि त्या माणसाला बोलू द्यावे.